काळी, खैरी, ढवळी आणि बांडी

बिरू,

तुझ्या दहाव्याला कावळा शिवला तो माझ्या शब्दावर, आणि तो शब्द खोटा होता. घे, पहिल्याच ओळीत सांगून मोकळा झालो. मोकळा कसला, नुसतं सांगितलं. तू समोर असतास तर म्हणाला असतास, "दिलप्या, आधी पाणी पी. मग काय वकायचं ते वक." पाणी प्यायलो. आता वकतो.

आपल्याच ऑफिसात बसून लिहितोय. दूध संघाची चौफुल्याची तीच खोली, हायवेनं ट्रक गेला की खिडकीच्या काचा थरथरतात ती. तुझी खुर्ची अजून कोणी उचललेली नाही. उचलणार कोण? तिचं एक चाक निखळलेलं, आणि तिच्यावर तोल सांभाळून बसायची विद्या तू कुणाला शिकवलीच नाहीस. मी परवा बसून बघितलं आणि थेट फायलींच्या कपाटावर आदळलो. हसू आलं. मग लाज वाटली, की आपल्याला हसू आलंच कसं. सध्या माझं असंच चाललंय बघ, कुठनं पण सुरुवात करा, शेवटी लाजेशीच येऊन पोचतो.

शिरूरच्या एसटी स्टँडमागचा तो कंप्युटर क्लास आठवतो का रे? आठवत असणारच, तू काही विसरायचा नाहीस. मी भांडगावचा, शिरूरला मामाकडं शिकायला राहिलेला. तू इनामगावनं यायचास, पायात तुझ्या आबांच्या करकरणाऱ्या वहाणा. एका कंप्युटरवर दोघं बसवायचे. पहिल्याच दिवशी तू कीबोर्ड ओढून घेतलास आणि म्हणालास, "तू सांग, मी बडवतो." दोन बोटांनी बडवायचास, आणि अशा जोरानं की क्लासच्या मॅडम आतनं ओरडायच्या, "अरे, पाटा-वरवंटा आहे का तो!" तेव्हा माऊस-बिऊस नव्हता. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. आपण नावानिशी हुकूम लिहायचा आणि मशीननं ऐकायचं. तुला ते इतकं आवडलं की तू जन्मभर तिथंच थांबलास.

पुढं माऊस आला आणि मी सुखानं त्याचा झालो. तिथनं आपलं भांडण सुरू झालं ते मिटलंच नाही. तू म्हणायचास, "माऊस म्हंजी दुकानात जाऊन बोट दाखवायचं. हे द्या, ते द्या. मुकं हायस का? नाव घेऊन माग की!" मी म्हणायचो, तुझ्या काळ्या पडद्यावर एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर सत्यानाश. तू म्हणायचास, "मग बघून लिहावं. डोळं कशाला दिल्यात?" चहा गार होऊन जायचा. शिपाई म्हणायचा, "तुमचं झालं की सांगा, कप न्यायला येतो." दहा-बारा वर्षं हा एकच वाद, आणि एकदाही कोणी हरलं नाही.

वादाचं नंतर बोलतो. आधी एक राहिलेलं देणं देतो, कारण ते दिल्याशिवाय पुढचं बोलायचा मला हक्क नाही.

त्या दिवाळीची गोष्ट. दुधाच्या पेमेंटचं आपलं जुनं प्रोग्रॅम, कोणीतरी कधीकाळी करून देऊन गाव सोडून गेलेलं, एकाच जुनाट मशीनवर चालायचं. त्या मशीननं ऐन पेमेंटच्या तोंडावर धूर सोडला. मशीनची जबाबदारी माझ्या नावावर. बॅकप होता, पण नवी मशीनं त्या प्रोग्रॅमला ओळखच देईनात. बाहेर गावोगावच्या दूध सोसायट्यांचे सेक्रेटरी उभे, दूधवाले फोनवर फोन करतात, आणि साहेब मला केबिनमध्ये बोलवून अगदी शांत आवाजात बोलायला लागले. साहेब शांत झाले की माणसाची नोकरी जाते, हे सगळ्या संघाला माहीत होतं.

तू त्या नव्या मोठ्या सर्व्हरसमोर बसलास आणि काळ्या पडद्यावर काहीतरी लिहीत राहिलास. मग मला हाक मारलीस, "ये, बघ, तुझं म्हातारं उठलं." बघतो तर तोच जुना पडदा, तेच प्रोग्रॅम. मशीन मात्र कुठंच नव्हतं. नव्या सर्व्हरच्या पोटात तू एक नसलेलं मशीन तयार केलं होतंस. त्याला मेमरी नेमून दिलेली, डिस्क नेमून दिलेली, आणि त्या बापड्याला वाटत होतं की आपण अजून जुन्याच टेबलावर आहोत. पेमेंट झालं. साहेबांनी विचारलं कुणी केलं, तर तू छाती काढून म्हणालास, "मी केलं. पन दिलप्यानं बॅकप ठिवला हुता, न्हाईतर मी काय करनार हुतो?" तेवढ्या एका वाक्यानं मी वाचलो. तुझे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तू लाथ घातली असतीस, ते वेगळं. तरी मानायला हवे होते. आज मानतो.

त्या नसलेल्या मशीनचं नाव तू ठेवलंस काळी. मग पगाराची खैरी आली, पशुखाद्याच्या गोडाऊनची ढवळी आली, आणि डिस्क अपुरी पडली म्हणून जिला थोडक्यात भागवावं लागलं ती शेपूटतुटकी बांडी. ही सगळी तुझ्या आबांच्या जुन्या मेंढरांची नावं. तुमच्या घरची मेंढरं विकून वस्ती झाली, विहीर झाली, कांदा झाला, त्यालाही जमाना झाला. पण आबा संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे त्या जाळीच्या कुंपणात, घालताना एकेकीला नावानं हाक मारायचे, ते तुझ्या कानात राहिलेलं. ऑफिस सुटायच्या आधी तू पडद्यावर एक शब्द लिहायचास, लिस्ट. खाली चौघींची नावं यायची, पुढं लिहिलेलं की चालू आहेत. तू मोठ्यानं वाचायचास, "काळी? हाय. खैरी? हाय. ढवळी? हाय. बांडी? हाय." मगच हेल्मेट उचलायचास. मी म्हणायचो, "झाली का आरती? चला आता, मला भांडगावची जीप चुकेल."

संचालकांच्या मीटिंगमध्ये तुला हे समजावून सांगायला लावलं होतं, तो दिवस मी विसरणार नाही. साहेबांनी विचारलं, "म्हणजे हे मशीन खरं का खोटं?" तू म्हणालास, "साहेब, काम खरं करतंय. मशीन खोटं असंना का." सगळे हसले. मीही हसलो. आता उलटं झालंय. मी खरा आहे, हाडामांसाचा बसलोय इथं, आणि केलेलं काम खोटं.

तू काही देव नव्हतास, उगाच गेलेल्या माणसाला शेंदूर फासायला मला जमणार नाही. भांडखोर होतास. बढाया मारायचास. एकदा पगाराच्या दिवशी बांडीला बंद करायचं ते खैरीला बंद करून बसलास, आणि अख्ख्या ऑफिसचे पगार अडकले. पण तू काय केलंस? सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलास आणि म्हणालास, "माझ्या हातनं झालं. आत्ता उठवतो." चूक कबूल करायलासुद्धा तू अशा थाटात जायचास, जसं काही बक्षीस घ्यायला चाललायस. मला तो आगाऊपणा वाटायचा. तेवढा आगाऊपणा माझ्या अंगात असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

तर तो वाद. माझं म्हणणं सोपं होतं. चौघी तुझ्या एकट्याच्या हातातल्या. हुकूम तुझ्या डोक्यात. पुण्याची एक पार्टी तयार प्रोग्रॅम देत होती, माऊसवर चालणारं, बिघडलं तर फोन करायचा, माणूस येतो. मी म्हणायचो, "बिऱ्या, उद्या तू नसलास तर काळीला कोण बघणार?" तू म्हणायचास, "नसलो म्हंजी? कुठं जातोय मी? पारगावच्या पुलाच्या पल्याड तर घर हाय माझं." मग तुझं ठरलेलं इनामगाव. "आमच्या गावात हजारो वर्सांपूर्वीची खापरं सापडली तर लोकांनी बुरशानं पुसून जपून ठिवली. तू एक चालतं मशीन पुसाया निघालास व्हय रे?" मी म्हणायचो, "खापरांवर दुधाचं पेमेंट होत नाही, गाढवा."

माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, बिरू. अजून मला तसंच वाटतं. तू गेलास आणि माझा मुद्दा बरोबर ठरला. पण असा जिंकायचा नव्हता रे मला. हरलो असतो तरी चाललं असतं, नुसता तू समोर बसून दात काढायला हवा होतास.

तुला कावीळ झाली. आधी गावातलं औषध, मग शिरूरचा दवाखाना, मग पुणे. तू पुण्याला गेल्यावर दोन दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. "नवीन सिस्टिमचं उरकून घ्या आता. बिरू आला की पुन्हा वाद घालत बसेल." मी म्हणालो, "हो साहेब." इथंच खरी गोम आहे. मला आदेश मिळाला म्हणून मी केलं, असं सांगून सुटता येईल. पण मला ते ऐकून बरं वाटलं होतं. सुटल्यासारखं वाटलं. तू आडवा पडलायस तोवर उरकून टाकू, असं माझ्या मनात आलं, अगदी ह्याच शब्दांत आलं. तुझा जीव धोक्यात आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, पण आजारी माणसाच्या पाठीमागं त्याचं घर आवरायला घेऊ नये, एवढं तर कळायला हवं होतं.

पहिल्यांदा ढवळीचा सगळा हिशेब नव्या प्रोग्रॅमात घेतला आणि तिला बंद केलं. तुझ्याच काळ्या पडद्यावर, तूच शिकवलेला हुकूम लिहून. शटडाऊन, पुढं तिचं नाव. शहाण्यासारखी आवरून बंद झाली. मग दुसरा हुकूम, म्हणजे यादीतनंच नाव जातं. मग बांडी. सगळं रीतसर केलं बघ मी, माऊसवाला असूनसुद्धा. एक अक्षर चुकलं नाही.

त्याच्यानंतरच्या रविवारी तुला भेटायला आलो. तू पिवळा पडला होतास, डोळे तर हळदीसारखे. वहिनी उशाशी बसलेल्या. तू मला बघून उठायला लागलास, त्यांनी दाबून धरलं. बाकी काही नाही, आल्याआल्या तू विचारलंस, "मेंढरं काय म्हंत्यात?"

"बरी हायत."

"चारीबी?"

"चारीबी."

तू माझ्याकडं बघत राहिलास. मला वाटलं, थकलायस. मग म्हणालास, "मग झालं तर." आणि वहिनींना म्हणालास, "ह्याला च्या तरी पाज, भांडगावनं आलाय." मी चहा प्यायलो. साखर जास्त होती, एवढं मला आठवतंय. खाली येऊन गेटपाशी उभा राहिलो आणि स्वतःला समजावलं, आजारी माणसाला काय हे सांगायचं असतं का? बरा होऊन येऊ दे, मग सांगू, मग चार शिव्या खाऊ, मग चहा मागवू. सगळं ठरवून टाकलं होतं मी.

पुढच्या आठवड्यात खैरी झाली. शेवटी काळी. तिनं शटडाऊन ऐकलंच नाही. जुन्या प्रोग्रॅमला तो निरोप कळतच नाही, तूच सांगितलेलं. तिच्यासाठी डिस्ट्रॉय लिहावं लागतं. नाव भयंकर, पण नुसती वायर उपटल्यासारखं असतं, असंही तूच म्हणाला होतास. मी लिहिलं आणि मिटलं. तू गेलास ते त्यानंतर.

तुला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पार्टीची माणसं सर्व्हर न्यायला आली. नव्या मशीनच्या बदल्यात जुना द्यायचं ठरलं होतं. न्यायच्या आधी ते डिस्क पुसून घेतात. त्यातल्या एकानं मला विचारलं, "काही ठेवायचंय का सर?" मी सुजलेले डोळे घेऊन तिथं उभा होतो, आणि मी म्हणालो, "नाही." का म्हणालो, मला खरंच सांगता येत नाही. त्या क्षणी तिथनं सगळं लवकर जावं, असं वाटत होतं एवढंच. काही वेळानं डिस्क कोरी झाली. आता तू वर बसून कितीही हुकूम लिही, उठवायला काही उरलेलं नाही.

आणि हे सगळं करून मी तुझ्या दहाव्याला आलो, पांढरा शर्ट घालून.

घोडनदीच्या घाटावर सगळा गाव होता. माईक लावलेला. पुढारी एकामागं एक श्रद्धांजली वाहून गाड्यांत बसत होते. एकजण म्हणाला, "बिरूदेव म्हणजे कंप्युटरचे डॉक्टर होते!" दुसरा म्हणाला, तू खेड्यापाड्यात इंटरनेट आणलंस. इंटरनेट तू कधी आणलंस रे? तुझ्या स्वतःच्या घरी नव्हतं. तू काय करायचास ते त्या घाटावर एकट्या मला माहीत होतं, आणि मी माईककडं पाठ करून उभा होतो.

पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, पण एक खाली येईना. आबा पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "पोरा, सुनंला लेकीवानी बघतो. जा सुखानं." कावळा हलला नाही. तुझ्या भावांनी विहिरीचं सांगितलं, पोरांच्या शाळेचं सांगितलं. वहिनी रडत रडत काहीतरी म्हणाल्या, ते ऐकूच आलं नाही. ऊन चढलं. माणसं चुळबुळ करायला लागली. मग कोणीतरी ओरडलं, "आरं, त्याचा जीव त्या कंप्युटरात आडकलाय! त्या दिलीपरावास्नी म्होरं घ्या!"

मला ढकलत पुढं नेलं. सगळा घाट माझ्याकडं बघत होता, वहिनी बघत होत्या. तिथं काय सांगणार होतो? मी हात जोडले आणि म्हणालो, "बिरू, तुझी मेंढरं मी बंद पडू देनार न्हाई. चारीबी." आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला.

लगेच कावळा आला. त्या मूर्ख पाखराला तरी कळायला हवं होतं! बायकांनी पदर डोळ्याला लावले. आबांनी येऊन माझे दोन्ही हात धरले. पंगतीत मला आग्रह करकरून वाढलं आणि मी जेवलो. घास उतरला नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण उतरला.

आता कालचं सांगतो.

काल दुपारी वहिनी आणि आबा ऑफिसात आले, तुझ्या चुलतभावाच्या जीपनं. तुझं हेल्मेट, डबा आणि कपाटातला स्वेटर न्यायला. आबांना आता नीट दिसत नाही आणि ऐकूही कमी येतं, हे तुला सांगायला नकोच. त्यांना खुर्चीत बसवलं. ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "दिलीपा, बिरूची मेंढरं दाव की मला. नावं तरी वाचून दाव." मी म्हणालो, दाखवतो, आधी चहा घ्या.

तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "भावजी, लाईट आली का हो मग?"

मला कळेना. लोडशेडिंग तर रोजचंच आहे. म्हणालो, "आत्ता आहे की. का?"

त्यांनी वर बघितलं. पंखा फिरत होता. त्या जरा गोंधळल्या आणि पिशवीतनं तुझा फोन काढून टेबलावर ठेवला. "न्हाई, ह्याच्यावर मेसेज यायचा बंद झालाय तो आजून चालू झाला न्हाई, म्हनून इचारलं."

आणि मग त्यांनी सांगितलं. तू सर्व्हरला लावून ठेवलं होतंस ते. कलेक्शन सेंटरला मेसेज पाठवायच्या त्या सिमकार्डवाल्या छोट्या डब्यातनं रोज संध्याकाळी तुझ्या फोनवर निरोप जायचा, जी चालू असेल तिचं नाव, पुढं हाय. इंग्रजी अक्षरात. तू मला कधी बोलला नव्हतास. बोलला असतास तर मी आठवडाभर चिडवलं असतं, म्हणून नसशील बोलला. दवाखान्यात तुला डोळे उघडायचा कंटाळा यायचा तेव्हा वहिनी वाचून दाखवायच्या. काळी हाय. खैरी हाय. ढवळी हाय. बांडी हाय.

"मग एक दिस ढवळी आली न्हाई," वहिनी म्हणाल्या. "म्या म्हनलं, आवो, तीनच हायत. तर म्हनले, दिलीपनं धुवाया नेली आसंल. मग बांडीबी न्हाई. म्हनले, तिच्या संगं नेली आसंल." त्या थोडं हसल्या. "तुमी येऊन गेला ना, तवा मला वाटलं इचारतील तुमाला. तर काईच न्हाई. तुमी गेल्यावर म्हनले, दिलप्या लई दमलाय, एकटाच वडतोय समदं."

वहिनी पुढं सांगत राहिल्या.

"मग एक दिस मेसेजच आला न्हाई. म्हनले, लाईट गेली आसंल चौफुल्याला. मग रोजच तसं म्हनायचे. शेवटच्या दिशीबी. मला जरा शंका आल्याली, खोटं कशाला सांगू. पन घाटावर तुमी बोलला, कावळा शिवला, तवा पटलं मला. लाईटच गेली आसनार."

तुला माहीत होतं. त्या रविवारी "चारीबी?" विचारलंस तेव्हा तुझ्या उशाखाली दोघींचेच निरोप येत होते. तू मला एक संधी दिलीस, आणि मी ती घेतली नाही, तर तू मला चहा पाजलास. एरवी कुठल्या गोष्टीवर गप्प बसला नाहीस रे जन्मात! ह्या एकाच गोष्टीवर बसलास. शिव्या दिल्या असत्यास तर मला आज उभं राहता आलं असतं.

मी म्हणालो, "वहिनी, लाईट गेली नव्हती. मी बंद केली सगळी. ते दवाखान्यात असतानाच. आता काहीच शिल्लक नाही. घाटावर मी खोटं बोललो."

एवढं एका दमात बोललो. वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. रागावतील, फोन उचलून निघून जातील, असं वाटलं. मला तेच हवं होतं. त्यांनी हळू विचारलं, "त्यास्नी ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् तरी लाईट गेली म्हनायचे?"

मी मान हलवली. त्या तुझ्या फोनकडं बघत बसल्या. डोळे भरून आलेले, पण पाणी खाली येऊ दिलं नाही.

आबांना आमचं पुटपुटणं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मान उंचावली. "काय म्हन्तोय दिलीप? दावतोय न्हवं मेंढरं?"

मी तोंड उघडलं. आता म्हाताऱ्यालाही सांगायचं, असं ठरवूनच उघडलं. वहिनी उठल्या. भिंतीपाशी गेल्या आणि पंख्याचं बटण बंद केलं. पाती फिरत फिरत थांबली, खोलीत एकदम उकडायला लागलं. मग त्या आबांच्या कानाशी वाकल्या.

"आज न्हाई आबा. लाईट गेलीया."

आबांनी गुडघ्यावरची टोपी उचलून वारा घेतला. "मग येऊ की पुन्यांदा," ते म्हणाले. "लाईट काय, येतीया."